नसलेल्या नकाशांचा अभ्यासक

भारतात नकाशे काढण्याची परंपराच नव्हती, हे विधान विसाव्या शतकात इतक्या वेळा केले गेले की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटेनासे झाले. नकाशांच्या इतिहासाला स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून उभे करणाऱ्यांपैकी एक, लिओ बॅग्रो याने हेच लिहिले. १९३५ मध्ये ‘इमागो मुंडी’ हे या विषयाचे नियतकालिक त्यानेच सुरू केले होते, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. त्याच्या ग्रंथाची सुधारित इंग्रजी आवृत्ती १९६४ मध्ये निघाली. तिच्यात भारताच्या वाट्याला आलेला मजकूर मोजका आहे आणि त्याचा सूर असा की या देशात नकाशाशास्त्रात कुणाला रसच नव्हता. भारतीयांना इतिहासाची जाण नव्हती, हा आरोप आपल्याकडच्या संशोधकांनी कागद धुंडाळून शंभर वर्षांपूर्वीच परतवून लावला. त्याच्या जोडीचा हा दुसरा आरोप, की त्यांना भूगोल मांडता येत नव्हता, तो मात्र कितीतरी अधिक काळ टिकला. त्याला सविस्तर, पुराव्यानिशी उत्तर मिळाले ते १९९२ मध्ये, आणि ते दिले एका अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने. जोसेफ श्वार्ट्झबर्ग या प्राध्यापकाची कारकीर्द या प्रकरणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचे कारण हेच. नकाशा सापडत नाही म्हणजे भूगोलाचे ज्ञान नव्हते, हा निष्कर्ष किती घाईचा आहे हे त्याच्या कामातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. आणि हे दाखवणारा माणूस स्वतः काटेकोर, मोजमापाच्या नकाशांत मुरलेला होता, म्हणून त्याच्या साक्षीचे मोल मोठे.

श्वार्ट्झबर्गचा जन्म १९२८ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६० मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय भारतातील व्यवसायरचना आणि आर्थिक विकासाची प्रादेशिक पातळी असा होता. म्हणजे सुरुवात जुन्या नकाशांपासून झालीच नाही. ती जनगणनेच्या तक्त्यांपासून आणि जिल्हावार आकड्यांपासून झाली. १९६४ मध्ये तो मिनेसोटा विद्यापीठात गेला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. मिनेसोटाला जाण्याला एक खास निमित्त होते. सेंट पॉल शहरातल्या चार्ल्स लेस्ली एम्स या संग्राहकाने दक्षिण आशियाविषयीचे आपले मोठे ग्रंथालय १९६१ मध्ये त्या विद्यापीठाला दिले होते आणि भारतीय उपखंडाचा एक भरघोस ऐतिहासिक नकाशासंग्रह व्हावा अशी त्याची इच्छा होती. तोवर उपलब्ध असलेले संग्रह म्हणजे जेझुइट पाद्री चार्ल्स जॉपेन याचा १९०७ चा शालेय ॲटलस आणि कॉलिन डेव्हिस याचा १९४९ चा छोटासा ॲटलस. दोन्ही उपयोगी, दोन्ही तुटपुंजे, आणि दोन्हींमध्ये राजवटी एकामागून एक रंग बदलत जातात, पण हा रंग इथपर्यंतच का भरला याचे उत्तर वाचकाला मिळत नाही.

‘अ हिस्टॉरिकल ॲटलस ऑफ साउथ एशिया’ शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये काढला. एका नकाशासंग्रहासाठी तेरा-चौदा वर्षे! विद्यापीठातल्या नोकरीत माणसाची किंमत दरवर्षी किती निबंध छापले यावर ठरते. तिथे एवढा काळ एका सामूहिक कामात घालवणे हे धाडसच होते. शिवगोपाल बाजपेयी यांच्यासारखे इतिहासकार त्याच्या जोडीला होते. प्रागैतिहासिक स्थळांपासून स्वातंत्र्योत्तर निवडणुकांपर्यंतचा पट त्यात आहे. वेदांमधला भूगोल, महाकाव्यांमधला भूगोल, पुराणांमधला भूगोल यांना स्वतंत्र नकाशे आहेत. नकाशांच्या बरोबरीने लांबलचक विवेचन आणि संदर्भसूची आहे. आणि हेच त्याचे खरे वेगळेपण आहे, असे मला वाटते. नकाशातली रेघ निर्विकार असते. ती शिलालेखावरून काढली की एखाद्या दरबारी कवीच्या अतिशयोक्तीवरून, हे ती सांगत नाही. सोबतचे विवेचन तिला बोलते करते. अमेरिकन इतिहास संघटनेने १९८० मध्ये या ग्रंथाला वाटुमल पारितोषिक दिले, आणि १९९२ मध्ये ऑक्सफर्डने त्याची वाढीव आवृत्ती काढली.

या कामात रेघेची मर्यादा जिथे सर्वांत ठळक होते, तो भाग मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतला, त्यांत दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. या सुभ्यांवर नाव मोगल बादशहाचे. प्रत्यक्ष कारभार काही ठिकाणी निजामाचा, काही ठिकाणी मराठ्यांचा. वसुलातला चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा मराठ्यांचा. कित्येक मुलखांत तर दुअंमल, म्हणजे एकाच गावावर दोघांचा अंमल. आता हा प्रदेश कोणत्या रंगात भरायचा? भगवा भरला तर निजाम नाहीसा होतो, हिरवा भरला तर चौथाई वसूल करणारा कमाविसदार नाहीसा होतो. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मराठा साम्राज्य अटकेपर्यंत एकाच रंगाने पसरलेले असते, आणि तो रंग प्रत्यक्ष अंमल, खंडणी आणि नुसती स्वारी यांत भेद करत नाही. अशोकाच्या साम्राज्याचेही तेच. आपल्या सोपाऱ्याला लेख सापडला, कंदाहारला सापडला, मस्कीला सापडला, म्हणून मधला सगळा प्रदेश भरून टाकायचा, तर ज्यांना अशोक स्वतःच धाकदपटशाने समजावतो ते अरण्यवासी कुठे दाखवायचे? ऐतिहासिक नकाशाकाराला हे प्रश्न रोज पडतात. श्वार्ट्झबर्गने १९७७ मध्ये उपखंडातील प्रादेशिक सत्तांच्या घडणीवर जो निबंध लिहिला तो याच प्रश्नांशी झगडताना निघालेला आहे: सत्तेचा गाभा कुठे होता, ती किती पसरली, किती टिकली, हे शेकडो राजवटींच्या माहितीवरून पाहायचे. अखंड सीमारेषा असलेले राज्य ही नकाशाची गरज आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या माणसाची ती नव्हती. हे ज्याला हाताने रेघा काढता काढता उमगले, त्याला पुढचे पाऊल टाकणे सोपे गेले असणार. ज्या समाजाची सत्तेची कल्पनाच रेघेची नव्हती, त्या समाजाने रेघेचे नकाशे का काढावेत?

ते पुढचे पाऊल टाकण्याची संधी दोन इंग्रज अभ्यासकांमुळे आली. ब्रायन हार्ली आणि डेव्हिड वुडवर्ड यांनी १९७७ मध्ये जगातल्या नकाशांचा सर्वंकष इतिहास लिहायचा बेत केला. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याचे कार्यालय झाले आणि १९८७ मध्ये पहिला खंड आला. त्यांनी सुरुवातीलाच नकाशाची व्याख्या रुंद केली. जमिनीचे मोजमाप ही अट काढून टाकली. वस्तू, कल्पना, घटना यांची अवकाशातली मांडणी समजायला जी आकृती मदत करते ती नकाशा, असे त्यांनी धरले. आशियासाठी मुळात एकच पुस्तक योजले होते. सामग्री येत गेली तसा तो दुसरा खंड फुगला आणि अखेर त्याची तीन पुस्तके झाली. ज्या दक्षिण आशियाला आधीचे इतिहासकार दोन-चार पानांत उरकत, त्याच्यासाठी १९९२ च्या पुस्तकात एकट्या श्वार्ट्झबर्गने दोनशेहून अधिक पाने लिहिली. १९९४ च्या पुढच्या पुस्तकात तिबेट आणि आग्नेय आशियावरची प्रकरणेही त्याचीच. हार्ली १९९१ च्या डिसेंबरात गेला. भारतावरची ती पाने छापून आलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

काय सापडले त्या दोनशे पानांसाठी? ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास संग्रहालयात १५७१ सालचा पितळी भूगोल आहे, क्षेमकर्ण नावाच्या कारागिराचा. तो मधोमध उघडणारा डबा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर पुराणातली द्वीपे व सागर कोरलेले आहेत. जौनपूरच्या सादिक इस्फहानीने १६४७ मध्ये आपल्या ज्ञानकोशात वस्ती असलेल्या जगाचा नकाशा अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत मांडला. आमेर-जयपूरच्या दरबारात कपडद्वारा नावाच्या कोठारात किल्ले, बागा, तळी, रस्ते, शेते यांच्या मोठ्या आराखड्यांचा साठा निघाला. गोपाल नारायण बहुरा आणि चंद्रमणी सिंह यांनी त्याची सूची १९९० मध्ये प्रसिद्ध केली. कच्छी नाखव्याने काढलेला तांबड्या समुद्राकडचा तक्ता १८३५ मध्ये अलेक्झांडर बर्न्सच्या हाती पडला आणि लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत पोचला. काश्मिरात श्रीनगर शहराचा नकाशा शालीवर भरतकामात भरला गेला. पेशवाईच्या काळातले, मोडीत नोंदी असलेले नकाशेही या गोळाबेरजेत आले. आणि या सगळ्यांहून संख्येने कितीतरी अधिक निघाले ते जैनांचे कापडावरचे विश्वपट.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. विश्वपटांना नकाशा म्हणायचे, शालीला नकाशा म्हणायचे, तर मग नकाशा नाही असे उरते काय? व्याख्या इतकी सैल केली की भारतात नकाशे सापडणारच. हा शोध नव्हे, नुसता नावांचा बदल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर व्याख्येवरून वाद घालून मिळणार नाही, पट समोर धरूनच मिळेल. अडीच द्वीपांचा जैन पट घ्या. मध्यभागी मेरू, भोवती एक लाख योजने व्यासाचे जंबूद्वीप. त्याच्याभोवती दोन लाख योजने रुंदीचा लवणसमुद्र, मग चार लाखांचे धातकीखंड, आठ लाखांचा कालोद समुद्र, आणि त्यापुढच्या सोळा लाखांच्या पुष्करद्वीपाचा आतला अर्धा भाग. दोन्ही बाजूंची बेरीज करा, मनुष्यलोकाचा व्यास बरोबर पंचेचाळीस लाख योजने येतो. भरतक्षेत्र दक्षिणेला, ऐरावत उत्तरेला, मधली क्षेत्रे आणि पर्वत ठरलेल्या क्रमाने. चित्रकाराने भरतक्षेत्र उत्तरेला काढले तर जाणता साधू ते चूक म्हणून दाखवील. माझ्या मते ही निर्णायक कसोटी आहे: नकाशा चुकू शकतो. त्याच्यात स्थान, क्रम आणि अंतर यांविषयी काही दावा असतो आणि तो दावा ठरलेल्या नियमांनी तपासता येतो. वेलबुट्टीच्या नक्षीला असा दावा नसतो. त्या विश्वरचनेचे जग प्रत्यक्षात तसे नाही, हा मुद्दा वेगळा. टॉलेमीने हिंदी महासागर चारी बाजूंनी जमिनीने वेढला होता, तरी त्याला नकाशाकारांच्या यादीतून कुणी काढत नाही. जी सवलत अलेक्झांड्रियाला मिळते ती पाटणच्या चित्रकाराला नाकारण्याला काही आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हे सगळे मान्य केले तरी आकडा लहानच राहतो. सोळाव्या शतकाच्या आधीचे तर भौगोलिक नकाशे म्हणावे असे जवळजवळ काहीच हाती नाही. नकाशे होते पण नष्ट झाले, असे म्हणणे म्हणजे पुरावा नसणे हाच पुरावा मानणे. कापड-कागद कुजतो, वाळवी लागते, लढाईत दफ्तरे जळतात हे खरे; पण पोथ्याही याच हवेत राहिल्या आणि लाखोंनी वाचल्या. श्वार्ट्झबर्गचा मोठेपणा असा की त्याने हा आक्षेप झटकला नाही. हरवलेल्या नकाशांचा काल्पनिक ढीग रचून तो देशाभिमान्यांना खूश करत बसला नाही. जे आहे ते मोजले आणि जे नाही त्याची कारणे वेगवेगळी शोधली. या ठिकाणी जयपूरचा दाखला फार बोलका आहे. पोथी नकलून ठेवण्यात पुण्य होते, तिच्या प्रती मठामठांत होत्या. बंधाऱ्याचा किंवा वेढ्याचा आराखडा हा कामापुरता कागद. काम झाले की त्याला वाली नाही. एका घराण्याने कोठार राखले, ते ताब्यात घेऊन सूची केली, तर तिथे एकाच ठिकाणी मोठा साठा निघाला. बाकीची संस्थाने नकाशांविना चालत होती आणि फक्त आमेरच्याच राजांना त्यांचे वेड होते, हे मानणे कठीण आहे. जयपूरमुळे हरवलेल्या नकाशांची संख्या कळत नाही, पण कागद टिकण्याचे कारण राखणाऱ्यात असते एवढे नक्की कळते.

तरीही नष्ट होण्याने पूर्ण उलगडा होत नाही, आणि उरलेला उलगडा मला आपल्याच साहित्यात दिसतो. जे ज्ञान इतरांनी रेषेत ठेवले ते इथे पुष्कळदा शब्दांत ठेवले गेले. शिलाहार-यादवांचे ताम्रपट दिलेल्या गावाचा आघाट सांगतात: पूर्वेला अमुक ओढा, दक्षिणेला तमुक डोंगर, पश्चिमेला शेजारचे गाव, उत्तरेला वड. हीच चतुःसीमा पुढे मराठी महजरांत आणि वतनपत्रांत दिसते, आणि शिवेचा तंटा पडला की गोतसभा त्या शब्दांवरच निवाडा करी. महानुभावांची चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ तर या परंपरेचे शिखर आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या गावांची नोंद तिने केली आहे: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला कोणते दुसरे देऊळ, स्थान नेमके कुठल्या चौकात. हातात कागद घेऊन बसले तर त्या मजकुरावरून गावाचा आराखडा काढता येतो, आणि अभ्यासकांना ती स्थाने शोधायला तिचाच आधार झाला. असा ग्रंथ रचणाऱ्या समाजाला दिशा आणि अंतर समजत नव्हते असे म्हणता येईल का? माणसे पायी जात, वाटेत विचारत, पाठ करत. पाठ केलेला मार्ग वाळवी खात नाही. गरज भागत असताना दुसरे साधन वापरले नाही याला उणीव म्हणणे म्हणजे आपल्या सवयीचे माप दुसऱ्याला लावणे.

युरोपियनांनी काढलेले सुरुवातीचे चांगले नकाशेही याच ज्ञानावर उभे होते. जेम्स रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशात सुभ्यांची विभागणी ‘ऐने अकबरी’वरून घेतलेली आहे, आणि मोजणी न झालेल्या मुलखांतली अंतरे वाटसरूंच्या कोसांवरून बसवलेली आहेत. गुजरातसाठी त्याने सदानंद नावाच्या ब्राह्मणाच्या नकाशाचा आधार घेतला. पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत तो मिळाला होता. रेनेलने हे ऋण छापील मान्य केले, नंतरच्यांनी ते विसरून टाकले. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा आखली, वीस वर्षे ती मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली, आणि १८२३ मध्ये तो आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. त्या मोजणीची भव्यता खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण मॅथ्यू एडनी या अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की कंपनीचे प्रत्यक्ष नकाशे या आदर्शापासून बरेच लांब होते. निरनिराळ्या दर्जाच्या मोजण्या त्यांत एकत्र शिवलेल्या होत्या. अचूकतेचा डंका हा राज्यकर्त्यांच्या अधिकाराचाही भाग होता, आणि त्याच्या आवाजात एतद्देशीयांचे नकाशे ऐकू येईनासे झाले.

एक आक्षेप भावनेचा आहे, पण तो मनात येतोच: हे सगळे मिनेसोटात बसलेल्या परक्याने का सांगावे? वस्तुस्थिती अशी की त्याने एकट्याने सांगितलेले नाही. मोगल नकाशांवर इरफान हबीब यांनी आधीच लिहिले होते, आणि १९८२ चा त्यांचा मोगल साम्राज्याचा ॲटलस आजही या क्षेत्रातला मानदंड आहे. सर्वेक्षण खात्याचा इतिहास कर्नल फिलिमोर यांनी खंडांमागून खंड लिहून उभा केला होता. सुसान गोल यांचा भारतीय नकाशे व आराखडे यांवरचा सचित्र ग्रंथ १९८९ मध्ये दिल्लीत निघाला. श्वार्ट्झबर्गने ही विखुरलेली माहिती एका चौकटीत आणली, आणि ती चौकट अशा ग्रंथात बसवली की जगाचा नकाशा-इतिहास लिहिणाऱ्याला यापुढे भारत वगळता येऊ नये. पुढे तो काश्मीरप्रश्नाकडे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या फेररचनेकडे वळला. २०१३ मध्ये या फेररचनेवर त्याचे पुस्तक आले. २०१८ मध्ये तो गेला. तीस वर्षांचे उमेदीचे आयुष्य आणि मोजून दोन मोठी कामे, एवढ्यावर त्याची कारकीर्द उभी आहे. आजच्या विद्यापीठांत अशी कारकीर्द घडू शकेल का, याची मला खरोखर काळजी वाटते. मोडी येते, भूगोल येतो आणि पंधरा वर्षे एका कामाला देण्याची मुभा आहे असा तरुण अभ्यासक आपल्याकडे कोणती संस्था पोसते?

त्याची दोन्ही कामे आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ती वाचावीत, आणि मग आपल्या घरातले, वाड्यातले, देवस्थानातले, देशमुख-देशपांड्यांच्या दफ्तरातले रुमाल एकदा सोडून पाहावेत. शेतांच्या रेघा, पाटाची आखणी, किल्ल्याचा तट, वाटेवरच्या गावांची रांग असा एखादा रंगीत किंवा साधा कागद निघाला आणि त्यावर मोडी अक्षर दिसले, तर तो वेगळा काढू नका, कारण तो कोणत्या रुमालात आणि कोणत्या पत्रांच्या सोबत होता यावरूनच त्याचा काळ आणि हेतू ठरतो. त्याला प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नका. आहे तसा त्याचा फोटो घ्या, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा जवळच्या पुराभिलेखागाराला कळवा.